दुसऱ्या कडव्याआधीची घंटी

मंगळवारी सकाळी सव्वानऊला नागलिंगमच्या लक्षात आलं, की घंटी चोरीला गेली आहे.

घंटी म्हणजे देवघरातली नव्हे. देवघरातली गेली असती तर नागलिंगमला पुढच्या पोंगलपर्यंत पत्ता लागला नसता. ही घंटी ‘आट्रंगरै विळक्कु’ या सिनेमाच्या कॅसेटमधली. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं, त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी व्हायोलिनांचा मोठा लोंढा येतो, आणि तो ओसरून बासरी सुरू व्हायच्या आत कुणीतरी लोखंडी त्रिकोणावर एकदाच, हलकेच मारतं. टिंग. अर्धा सेकंदसुद्धा नसेल. घरभरचे पाहुणे गेल्यावर शेवटचं भांडं कुणीतरी आवाज न करता खाली ठेवायला जावं आणि तरी ते वाजावं, तशी ती टिंग.

सिनेमा चौऱ्याऐंशी सालचा. कुंभकोणमला तो अकरा दिवस चालला, त्यातले दोन दिवस थिएटरात वीज नव्हती. नायकाचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही आणि गोष्ट काय होती तेही आता कुणी सांगू शकत नाही. पण गाणी अशी, की ऐकणारा माणूस हातातलं काम ठेवून उभा राहायचा. त्यातही घंटी फक्त पहिल्या खेपेच्या, हिरव्या लेबलच्या कॅसेटवर. पुढच्या खेपा नकलेवरून काढल्या, त्यात ती बुजली. नंतर सीडी आली तेव्हा कुणा हुशार माणसाने जुन्या आवाजातली खरखर धुऊन काढली, आणि खरखरीबरोबर घंटीही मोरीत गेली. अख्ख्या कुंभकोणमात हिरव्या लेबलची एकच कॅसेट उरली होती. ती नागलिंगमच्या लोखंडी कपाटात, सहाशे बारा कॅसेटींच्या मधोमध होती.

त्या कपाटाच्या दहा फुटांत लोहचुंबक आणायला घरात बंदी होती. नातीने सिंगापूरहून फ्रिजच्या दारावर चिकटवायचा छोटा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, पाठवला, तर त्या देवाला शेजारच्या घरी मुक्कामाला जावं लागलं. पावसाळ्यात कावेरीवरून दमट हवा यायची, म्हणून कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या असत. बायको अलमेलू म्हणायची, या घरात माणसाला सर्दी झाली तर सुंठ शोधावी लागते, कॅसेटीला होऊ नये म्हणून मात्र तांदूळ भाजून तयार.

नागलिंगमला रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. नोकरीत असताना खोकं नुसतं हलवून आत काय आहे ते तो सांगायचा. तोच कान पुढे कॅसेटींना लागला. कुणी कॅसेट आणली की हा डोळे मिटून दहा सेकंद ऐकायचा आणि सांगायचा, ही अस्सल, ही नक्कल, ही नकलेची नक्कल. त्याच्या कानापुढे अपील नव्हतं.

गेली अडतीस वर्षं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच्या घरी संघम, म्हणजे गाणी ऐकणाऱ्यांचं मंडळ, जमायचा. एके काळी चौदा जण होते, आता चौघे. गाणं चालू असताना वाहवा करायची नाही, मान हलवायची नाही, खोकलासुद्धा गिळायचा, असा तिथला शिरस्ता. गाण्यातली खास जागा आली, की उजव्या हाताचं पहिलं बोट फक्त वर करायचं. घंटीला आधी नागलिंगमचं बोट वर जायचं, मग हेडमास्तर तिरुज्ञानम यांचं, मग पानांचे व्यापारी कंदप्पन यांचं, आणि त्याच वेळी पिच्चैमुत्तूचं. चार म्हातारे डोळे किलकिले करून बोटं वर धरून बसलेले पाहिले की नवख्या माणसाला वाटायचं, यांना कुठेतरी जायची परवानगी हवी आहे.

तर त्या मंगळवारी काय झालं ते सांगतो. पिच्चैमुत्तूने हिरव्या लेबलची कॅसेट आठ दिवसांसाठी मागून नेली होती आणि सोमवारी संध्याकाळी परत आणून दिली. सकाळी नागलिंगमने ती हातात घेतली, तर ती मध्येच थांबलेली. परत करताना कॅसेट सुरुवातीला गुंडाळून द्यायची, हे पिच्चैमुत्तू अडतीस वर्षांत एकदाही विसरला नव्हता. पठ्ठ्याने कुठे थांबवली बघू तरी, म्हणून नागलिंगमने आहे तिथूनच बटण दाबलं. व्हायोलिनांचा शेवटचा लोंढा आला, ओसरला, आणि मग थेट बासरी. मध्ये काही नाही. नागलिंगमचं बोट अर्ध्यावर गेलं होतं ते तिथेच राहिलं.

त्याने थोडी मागे घेतली, पुन्हा लावली. लोंढा, बासरी. पुन्हा मागे. लोंढा, बासरी. मग त्याने स्पिरिटच्या बोळ्याने डेकचं हेड पुसलं. हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करून पाहिला. रबरी पट्टा बदलला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि गल्लीत सायकल उभी करणाऱ्या दूधवाल्याला घंटा न वाजवता निघून जायला सांगितलं. अकरा वाजेपर्यंत बनियन भिजून अंगाला चिकटलं, पण घंटी काही आली नाही.

अलमेलूने दारातून विचारलं, की झालंय तरी काय. नागलिंगम म्हणाला, तुला नाही कळायचं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला एकाही गाण्याबद्दल मत विचारलं नव्हतं. तिचं मत होतं, पण ते लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवाव्यात याबद्दल होतं आणि ते त्याला माहीत होतं.

दुपारी जेवताना रस्समचा पहिला घोट घेतला आणि नागलिंगमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डेक ठीक, हेड ठीक, पट्टा नवा. मग बिघडलं काय? कॅसेटच ती नाही. वरचं खोकं तेच, हिरवं लेबल तेच, पण आतली फीत बदलली आहे. तुम्हा-आम्हाला असला विचार सात जन्मांत सुचणार नाही, पण ज्यांनी आयुष्य कॅसेटींत काढलं त्यांना तो आधी सुचतो. खोक्याला पाच बारके स्क्रू असतात. ते काढायचे, अस्सल फितीची चकरी काढून घ्यायची, नकलेची बसवायची, पुन्हा स्क्रू. हे काम डोळे मिटून करू शकेल असा माणूस गावात एकच होता, आणि कॅसेट आठ दिवस त्याच्याकडेच होती.

नागलिंगम उष्ट्या हाताने उठला. भिंगातून पाहिलं तर एका स्क्रूच्या खाचेवर चरा चकाकत होता. तो चरा त्याने स्वतः सत्त्याण्णव साली पाडला होता, हे तो विसरला होता.

पिच्चैमुत्तूचं बसस्टँडमागे वीस वर्षं रेकॉर्डिंग सेंटर होतं. लोक आवडत्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट देऊन जायचे, हा गाणी भरून द्यायचा. अठ्ठ्याहत्तर साली नागलिंगम बारा गाण्यांची यादी घेऊन गेला, तर या माणसाने तिसऱ्या गाण्यावर काट मारली. म्हणाला, हे माझ्याकडे चांगल्या आवाजात नाही, वाईट आवाजात मी भरणार नाही, महिन्याने या. आलेलं गिऱ्हाईक आवाजासाठी परत पाठवणारा दुकानदार नागलिंगमने जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि त्याच दिवशी दोघांची दोस्ती झाली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला तलावाच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोघांची कॉफी. पिच्चैमुत्तूची बायको गेली, मुलगा तिरुप्पूरला स्थिरावला, सेंटर बंद पडलं. कॉफी मात्र चुकली नाही. नागलिंगमला या माणसाबद्दल मनातून फार आदर होता. त्यामुळेच तो इतका चिडला.

बुधवारी सकाळी कॉफीचा डवरा, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, समोर आला तसा नागलिंगम म्हणाला, “घंटी परत दे.”

पिच्चैमुत्तूला आधी गंमत वाटली, मग नाही वाटली. तो तसाच उठून नागलिंगमच्या घरी आला. डेकसमोर बसला. गाणं लागलं, लोंढा ओसरला आणि पिच्चैमुत्तूने बोट वर केलं.

“ही काय. वाजली की.”

“माझ्या घरात बसून, माझ्या डेकसमोर, नसलेल्या घंटीला बोट वर करतोस?”

“नागा, वाजली म्हणून सांगतो ना.”

“अडतीस वर्षं शेजारी बसवलं तुला,” नागलिंगम म्हणाला. “मागितली असतीस तर दिली असती रे मी.”

ही थाप होती. मागितली असती तर त्याने मुळीच दिली नसती. पण बोलताना त्याला ते अगदी खरं वाटलं. पिच्चैमुत्तू काही बोलायला गेला, कानामागचे केस त्याने उगाच सारखे केले, आणि चप्पल घालून निघून गेला.

गुरुवारी नागलिंगमने कॉफी घरी घेतली आणि ती पांचट लागली. दूध तेच, पूड तीच, असं अलमेलूने सांगितलं. मग तो फिरायला बाहेर पडला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, की पिच्चैमुत्तूने घंटी चोरली. न्हाव्याला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. कसली घंटी, कुठली घंटी हे ऐकायला कुणी थांबलं नाही. शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या देवळातले पुजारी गुरुक्कळ धोतर सावरत देवळातल्या घंटा मोजताना दिसले. सातच्या सात होत्या. पण फुलवाली म्हणाली, आधी आठ असतील. शनिवारी पिच्चैमुत्तू भाजीला गेला, तर भाजीवालीने त्याच्या पिशवीत वाकून पाहिलं. मुलाचा तिरुप्पूरहून फोन आला, की अप्पा, तुम्ही हे काय करून बसलात. पिच्चैमुत्तूने त्यालाही काही सांगितलं नाही. एवढं झालं तरी नागलिंगमला थांबायचं कसं ते कळेना, आणि खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत त्याने एकही गाणं लावलं नव्हतं.

रविवारी संघम जमला. हेडमास्तर तिरुज्ञानम आधी आले, मग पानांची टोपली घेऊन कंदप्पन. पिच्चैमुत्तू येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तो बरोबर दहाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि नेहमीच्या जागेवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसला.

हेडमास्तरांनी प्रकरण समजावून सांगितलं, शाळेत निकाल वाचायचे तसंच. कॅसेट एकदा लागेल. ज्याला घंटी ऐकू येईल त्याने बोट वर करायचं. बहुमताचा निर्णय सगळ्यांवर बंधनकारक. ठरलं. नागलिंगमने कॅसेट त्या गाण्याच्या सुरुवातीला नेऊन बटण दाबलं आणि हात मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला.

पहिलं कडवं झालं. व्हायोलिनं चढत गेली, खोली भरून गेली, ओसरली. हेडमास्तर नागलिंगमकडे बघत होते. कंदप्पन हेडमास्तरांकडे बघत होते. बासरी सुरू झाली. एकच बोट वर होतं आणि ते दाराजवळ होतं.

“तीन विरुद्ध एक,” हेडमास्तर खाली बघत म्हणाले. कंदप्पन म्हणाले, फीत बदललेलीच दिसते, मला तर पहिल्या सुरालाच शंका आली होती. नागलिंगमला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आपलं चुकलं असं कुणीतरी म्हणावं, अशी वाट तो चार दिवस बघत होता हे त्याला तेव्हा कळलं.

पिच्चैमुत्तू उठला. “नागा, उद्यापासून मी हॉटेलात सातला जाईन,” तो शांतपणे म्हणाला. “तू सहाला जात जा. उगाच कॉफी सोडू नकोस.” आणि तो चपला शोधायला वाकला.

तेवढ्यात अलमेलू कॉफीचे डवरे घेऊन बाहेर आली. कॉफी न घेता पिच्चैमुत्तू अण्णा निघाले कुठे, असं तिने विचारलं. हेडमास्तरांनी तिला मोठ्या जड मनाने सांगितलं, की ताई, कॅसेटमधली घंटी गेली आहे.

“कुठे गेली?” अलमेलू म्हणाली. “आत्ता वाजली ना. मी आत चुलीपाशी होते.”

नागलिंगम म्हणाला, तुला भास झाला असेल. अलमेलूने तबक खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. “भास कसला? चाळीस वर्षं ऐकतेय. हे गाणं लागलं की मी फोडणी टाकते आणि टिंग झाली की हळद घालते. पुन्हा लावा.”

पुन्हा लावली. अलमेलूने बोट वर केलं आणि त्याच क्षणी दाराजवळ पिच्चैमुत्तूनेही. हेडमास्तर शेवटी हेडमास्तर. दोघं एकमेकांचं बघून करत असतील म्हणून त्यांनी अलमेलूला स्वयंपाकघरात पाठवलं, दार लावलं आणि सांगितलं, टिंग झाली की पातेल्यावर डाव मारा. कॅसेट लागली, लोंढा ओसरला. बाहेर बोट, आत डाव. एकाच वेळी. कंदप्पन यांनी न सांगता गाणं मध्येच बंद केलं, तर आत काही वाजलं नाही. तीनदा केलं, तीनदा तेच.

अलमेलू बाहेर आली आणि सहज म्हणाली, “टिंग झाल्यावर तो बासरीवाला श्वास घेतो, तोही जरा जास्तच मोठा आहे. दमेकरी असावा बिचारा.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्वास? या गाण्यावर त्यांनी अडतीस वर्षं चर्चा केली होती. त्या एका जागेवर हेडमास्तरांनी चौदा पानांचा निबंध वाचला होता. श्वास कुणालाही, अगदी जवानीतही, ऐकू आला नव्हता. नागलिंगमने बायकोकडे असं पाहिलं, की अलमेलूला आपल्या पदराला काही लागलंय का अशी शंका आली.

मग हेडमास्तरांनी चष्मा काढला. “नागलिंगम, एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “मी पाच-सहा वर्षं तुमच्या बोटाकडे बघूनच बोट वर करतो. मला घंटी येत नाही.”

“आणि मी सरांच्या,” कंदप्पन म्हणाले. “मला तर हल्ली व्हायोलिनंसुद्धा वरची वरची येत नाहीत. म्हटलं, कशाला बोलायचं.”

आता सगळे नागलिंगमकडे बघायला लागले. नागलिंगम कुणाच्या बोटाकडे बघत होता? कुणाच्याच नाही. गाणं सुरुवातीपासून लागलं की त्याचं मन त्याच्याबरोबर चालत जायचं, आणि त्या वळणावर आलं की घंटी आपोआप आत वाजायची. ती कॅसेटमधून येत नव्हती, चौऱ्याऐंशी सालातून येत होती. मंगळवारी गाणं मधूनच लागलं आणि मनाला रस्ता सापडला नाही. त्यानंतर तो नुसता खोट शोधत ऐकत होता, म्हणून सुरुवातीपासून लावूनही ती वाजली नाही. एवढीच ती चोरी. हे सगळं त्याला हळूहळू उमगत गेलं तसा तो खुर्चीत आक्रसत गेला, आणि ज्या कानापुढे अपील नव्हतं त्या कानाची पाळी लाल झाली.

मग एकदम त्याने मान वर केली. “पण पिच्चै, तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तुला कशी येते?”

पिच्चैमुत्तू दारातच उभा होता. पळनीच्या मुरुगनला वाहायचे आहेत म्हणून आपण केस वाढवतोय, असं तो पोंगलपासून सगळ्यांना सांगत होता. त्याने ते केस बाजूला केले. कानामागे कातडीच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं यंत्र होतं.

“तीन वर्षं मला काही येत नव्हतं, नागा. मुलाने तंजावूरला नेऊन हे बसवलं. घरी आलो तर भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. मला वाटायचं, ते आवाजच करत नाही. मग घंटी आठवली. म्हणून तुझी कॅसेट नेली. सात दिवस लावायचा धीर होईना. आठव्या दिवशी लावली आणि ती वाजली. पुन्हा ऐकायला जराशी मागे घेतली आणि तिथेच बंद केली. पुढचं ऐकवेना मला.”

“मग बुधवारी का नाही बोललास?”

“तू चोर म्हणालास ते चाललं,” पिच्चैमुत्तू म्हणाला. “चोराला निदान ऐकू येतं.”

नागलिंगम उठला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, पार्सल ऑफिसात ती कधी लागली नाही. तो पिच्चैमुत्तूजवळ गेला आणि हात पुढे केला. “जरा बघू ते,” तो म्हणाला. पिच्चैमुत्तूने यंत्र काढून शर्टाच्या टोकाने पुसलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानात बसवलं.

पहिल्यांदा नागलिंगमला वाटलं, घरात डोसा पडतोय. सर्रर्र असा एकसारखा आवाज येत होता. डोसा कुणी टाकलाय, असं त्याने विचारलं.

“डोसा नाही हो,” अलमेलू म्हणाली. “तुमची कॅसेट आहे. ती नेहमीच अशी वाजते.”

आपल्या डेकला सरसर नाही, असं नागलिंगम गावाला कित्येक वर्षं ऐकवत आला होता. हे त्याने निमूट गिळलं, कारण तोवर व्हायोलिनं आली होती. त्यांच्या वरच्या तारा त्याने किती वर्षांनी ऐकल्या कुणास ठाऊक. लोंढा ओसरला. टिंग. आणि त्यामागून, अगदी जवळ, कुणीतरी घाईने घेतलेला एक श्वास. म्हणजे तिथे खरंच एक माणूस होता, छातीत दम भरून, आता वाजवायचंय म्हणून सावरून बसलेला. नागलिंगमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही. बोट वर करायचं तो साफ विसरला.

नंतर यंत्र हेडमास्तरांच्या कानात गेलं, मग कंदप्पन यांच्या. प्रत्येकासाठी कॅसेट मागे घ्यायची, तीच जागा लावायची. हेडमास्तरांनी श्वासासाठी पुन्हा एकदा मागितलं. कंदप्पन म्हणाले, माझ्या वेळी पंखा चालू होता. मग नागलिंगमने परत मागितलं. चाळीस वर्षांची फीत ती, एवढे हाल तिने कधी सोसले नव्हते. सातव्या की आठव्या खेपेला लोंढा ओसरता ओसरता गाणं गुळण्या करायला लागलं. नागलिंगमने झडप घालून डेक उघडला, तर फीत रबरी चाकाभोवती गुंडाळलेली. सोडवल्यावर पाहिलं, एका पेराएवढा भाग पार चुरगळून गेला होता. तो कुठला भाग असणार, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

कंदप्पन यांच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र आत्ता त्यांच्याच कानात होतं, त्यामुळे आपलाच गुन्हा असं त्यांना वाटत होतं. नागलिंगमने ती फीत बोटाने सरळ करून पाहिली. मग त्याने खणातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि पिच्चैमुत्तूपुढे धरला.

“उघड.”

“मी?”

“मग कोण? पाच स्क्रू आहेत.”

पिच्चैमुत्तू टेबलाशी बसला. पंखा बंद झाला. सत्तरी उलटलेले ते हात इकडे तिकडे कापायचे, पण फितीवर आले आणि थांबले. पाच स्क्रू निघाले, खोकं उघडलं, ब्लेडने एक तिरका छेद इकडे, एक तिकडे, मागून चिकटपट्टी, नखाने एकदा घासली. जोड कुठे आहे ते भिंगातूनही दिसेना. अलमेलू कौतुकाने बघत राहिली. हेडमास्तर म्हणाले, देवाचा हात आहे. खोकं मिटलं, टेबलावर तेवढा काळपट तुकडा उरला.

कॅसेट लावली. व्हायोलिनं आली आणि ओसरली. सवयीने हेडमास्तरांचं बोट वर गेलं, कंदप्पन यांचं गेलं, नागलिंगमचंही गेलं. यंत्र आता पुन्हा पिच्चैमुत्तूच्या कानात होतं. त्याचा हात गुडघ्यावरच राहिला.

“वाजली का?” नागलिंगमने विचारलं, आणि विचारलं ते अलमेलूला.

“नाही,” ती म्हणाली. “पण श्वास तसाच आहे.”

नागलिंगमने मान हलवली. टेबलावरचा तुकडा त्याने दोन बोटांत धरला, कागदाच्या घडीत घातला, घडी नीट मुडपली आणि पिच्चैमुत्तूपुढे ठेवली.

“हे तू घेऊन जा.”

“तुझ्या कपाटात ठेव की. मी काय करू याचं?”

“घंटी तुझ्याकडे आहे म्हणून गावभर सांगून बसलोय,” नागलिंगम म्हणाला. “आता या वयात शब्द कुठे फिरवू?”

पिच्चैमुत्तूने घडी शर्टाच्या खिशात ठेवली. मग टेबलापासून उठून तो नागलिंगमच्या शेजारी आपल्या जागेवर येऊन बसला, आणि अलमेलू गार झालेली कॉफी गरम करायला आत गेली.